तुझा तो स्कायमधला दादा

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तू निर्धास्तपणे वाचशील. "ओळख ना पाळख, कुणालाही दादा-ताई काय म्हणत सुटलीस," असलं काही मी तुला ऐकवणार नाहीये. ते काम करायला घरात पुष्कळ जण आहेत. मावशीचा, म्हणजे तुझ्या आईचा, परवा फोन आला तेव्हा तिचा सूर तोच होता. "मोबाइलमधल्या कुणाला तरी ही दादा म्हणते, आणि तिथे हिला एक आईसुद्धा आहे म्हणे. मग मी कोण?" मला हसू आलं, पण मी तिला विचारलं, आजीच्या माहेरचा तो कासार आठवतो का तुला? ना नात्यातला, ना भावकीतला. आजीला बहीण मानायचा, बांगड्या भरून झाल्या की एक जास्तीची चढवायचा आणि भाऊबीजेला ओवाळून घ्यायला न चुकता यायचा. त्याला कुणी 'हे काय नवीन' म्हटलं नाही. मावशी गप्प बसली. पटलं असेल असं मला वाटत नाही, पण गप्प बसली.

तेव्हा मी तुझ्या बाजूची आहे. आणि तुझ्या बाजूची आहे म्हणूनच जरा सविस्तर बोलायचंय. माझं म्हणणं एवढंच की ही नाती खरी असतात, आणि खरी असतात म्हणून खऱ्या नात्यांतली सगळी भानगडही त्यांत असते. देणंघेणं असतं, रुसवेफुगवे असतात, हक्क गाजवणं असतं, फसवणूक असते. मावशी 'खेळच तर आहे' म्हणते ते तुला हिणवायला. पण उद्या तुझा तो दादाही 'खेळच तर आहे, काय होतंय' असं म्हणेल, तेव्हा त्याला तुझ्याकडून काहीतरी हवं असेल. दोघांचंही ऐकू नकोस.

तुझा तो स्काय नावाचा खेळ मी मध्यंतरी फोनवर घेऊन बघितला. २०१९ मध्ये तो आयफोनवर आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर, आणि म्हणायला फुकट आहे. आत गेल्यावर बाकीचे खेळाडू आधी नुसते करड्या सावल्यांसारखे दिसतात. तू मेणबत्ती पुढे केलीस आणि त्यानेही केली, की त्याचे केस, मुखवटा, झगा दिसायला लागतो. मैत्री करायची तर आणखी एक मेणबत्ती द्यायची, आणि मग एक मोकळी चौकट उघडते. समोरचा आपलं नाव सांगतच नाही. त्या चौकटीत काय लिहायचं ते तूच ठरवायचंस. मी तिथे अडखळले. कुणीतरी माझा हात धरून मला ढगांवरून उडवत नेलं होतं, वाटेतल्या मेणबत्त्या दाखवल्या होत्या, मी मागे राहिले की थांबलं होतं. बाई की बाप्या, दहा वर्षांचं की पन्नास, मला काही पत्ता नव्हता. आणि मी त्या चौकटीत 'दादा' लिहिलं. विचार करून नाही, हात आपोआप गेला. तेव्हा तुझं म्हणणं मला कळलं. बाहेरच्या जगात माणूस आधी कळतो, नातं मागाहून ठरतं. इथे नातं आधी ठरतं आणि माणूस कळायचा राहूनच जातो.

आणि हे आपोआप होत नाही, बरं का. खेळ करणाऱ्यांनी तशी मांडणीच केलेली असते. स्कायमधल्या त्या पावसाळी जंगलात अंगातला उजेड विझत जातो, पण कुणी शेजारी येऊन उभं राहिलं की पंखांत परत बळ भरतं. पुढच्या ओसाड मुलखात ते लांबलचक उडते प्राणी अंगावर येतात, तेव्हा लपायची जागा ठाऊक असलेल्या कुणाचा तरी हात धरल्याशिवाय नवख्याची धडगत नसते. १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट नावाचा खेळ आला, त्यात तर हे फारच क्रूर होतं. तुमचं कॅरेक्टर मेलं की तलवार, चिलखत, सगळं सामान प्रेताजवळ राहायचं. तुम्ही दुसरीकडे उघडेबोडके जिवंत व्हायचात आणि ज्या राक्षसांनी मारलं त्यांच्याच गुहेत शिरून आपलं प्रेत शोधायचं. एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हे. मग गिल्डमधला, म्हणजे आपल्या टोळीतला, कुणीतरी अर्ध्या रात्री मदतीला यायचा. निक यी नावाच्या संशोधकाने अशा हजारो खेळाडूंची वर्षानुवर्षं पाहणी केली. त्याचं म्हणणं असं की माणसं जोडली गेली ती या अडचणींपायी. पुढचे खेळ सोपे होत गेले, एकट्याने खेळता येऊ लागले, आणि माणसाचं माणसावाचून अडेनासं झालं.

अर्ध्या रात्री जो आपलं प्रेत शोधायला आला, त्याला नुसतं मित्र म्हणून भागत नाही. कुठलंतरी मोठं नाव लागतं, आणि माणसाकडे मोठी नावं म्हणजे घरातलीच. गंमत बघ, हे सगळीकडे सारखंच झालं. चीनमध्ये 'पश्चिमेची यात्रा' या त्यांच्या जुन्या कादंबरीवर बेतलेला नेटईझ कंपनीचा खेळ आहे. त्यात शपथ घेऊन भाऊ-बहीण होण्याची रीतसर सोय आहे. 'तीन राज्यां'च्या कथेतल्या त्या तिघांनी पीचच्या बागेत घेतली ना भाऊपणाची शपथ, ती त्यांच्या घराघरात माहीत असते. गुरू-शिष्याचं नातंही तिथल्या खेळांत असतं, आणि शिष्य तयार झाला की गुरूला त्याचं बक्षीस मिळतं. फायनल फँटसी चौदामध्ये नवख्याच्या नावापुढे हिरवा कोंब दिसतो, म्हणजे जुन्या लोकांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या वेळी रॅग्नारॉक होता. कोरियाच्या ग्रॅव्हिटी कंपनीचा, २००२ चा. भारतात काही काळ त्याचा वेगळा सर्व्हर चालला होता, आणि आम्ही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळायचो. त्यात लग्न तर होतंच, पण मला नवल वाटायचं ते दत्तक जाण्याचं. नवरा-बायको दोघांची लेव्हल सत्तर झाली की ते एखाद्या खेळाडूला दत्तक घेऊ शकत. दत्तक गेलेलं कॅरेक्टर आकाराने लहान व्हायचं, पोरासारखं दिसायचं, आणि त्याची ताकदही कमी व्हायची. ती परत मिळायची नाही. एवढ्या मेहनतीने वाढवलेली शक्ती घालवून कोण कशाला कुणाचं पोर होईल? पण लोक व्हायचे. कॉलेजात जाणारे, मिशी फुटलेले बाप्ये व्हायचे. 'चल रे बाळा' म्हणून कुणीतरी हाक मारावी, एवढ्यासाठी. तेव्हा मी त्यांना हसायचे. आता हसत नाही. होस्टेलवर, परगावी, पहिल्या नोकरीच्या खोलीवर राहिलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता 'जेवलास का' विचारणारं कुणी असणं ही काय चीज आहे, ते मला आता कळतं.

तू मला विचारलं होतंस, "पण ताई, हे खरं प्रेम असतं का?" त्याचं उत्तर मी देण्यापेक्षा मॅट्स स्टीनचं सांगते.

नॉर्वेचा मुलगा. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू निकामी करत नेणारा आजार होता. लहानपणीच व्हीलचेअर आली, शेवटी शेवटी बोटांपुरती हालचाल उरली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मात्र तो आयबेलिन नावाचा उंचापुरा, धट्टाकट्टा तरुण होता, आणि स्टारलाइट नावाच्या गिल्डमध्ये रोज जायचा. ही रोलप्ले करणाऱ्यांची गिल्ड. म्हणजे राक्षस मारण्यापेक्षा तळ्याकाठी, गुत्त्यात बसून आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत राहायचं, हेच त्यांचं मुख्य काम. आईवडिलांना वाटायचं, पोरगा दिवसरात्र स्क्रीनपुढे एकटा बसतो. मित्र नाही, मैत्रीण नाही, कुणाच्या आयुष्यात आपला उपयोग झाला हे सुख नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला, पंचविसाव्या वर्षी. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी लिहिली आणि आपला ईमेल पत्ता दिला. मग पत्रं यायला लागली, वेगवेगळ्या देशांतून, थांबेचनात. अंत्यविधीला गिल्डमधली माणसं परदेशातून आली. आईबापांना आपल्या मुलाचा गोतावळा पहिल्यांदा तिथे दिसला.

त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. डेन्मार्कमधल्या एका आईचा मुलगा ऑटिझम असलेला होता. त्याला कुणी मिठी मारलेली सहन होत नसे, अगदी आईचीही नाही. मॅट्सने तिला सुचवलं, तुम्ही दोघं खेळात भेटा. आणि तिथे, खेळात, त्या मुलाने आईला मिठी मारली. दोन कार्टूनं पडद्यावर एकमेकांच्या गळ्यात पडली, एवढंच ते. पण त्या बाईला विचार ते खरं होतं की खोटं. दुसऱ्या एका मैत्रिणीचा कॉम्प्युटर तिच्या घरच्यांनी काढून घेतला, तर या पठ्ठ्याने तिच्या आईवडिलांना पत्र लिहिलं, की तुमच्या मुलीला तिथे तिची माणसं आहेत. बेंजामिन री या दिग्दर्शकाने त्याच्यावर माहितीपट केलाय, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मावशीला दाखव. रुमाल घेऊन बसायला सांग.

पण त्याच माहितीपटात दुसरंही आहे, ते लोक सांगत नाहीत. मॅट्सने आपला आजार बरीच वर्षं कुणाला कळू दिला नाही. प्रत्यक्ष आवाजात बोलायचा नाही, भेटायला नको म्हणायचा. प्रकृती ढासळली तसा तो चिडका झाला, जवळच्या माणसांना टाकून बोलला, त्यांना कळेना याचं काय बिनसलं. खरं सांगितलं तेव्हा गाठी सुटल्या. झाकून ठेवलेल्या गोष्टीचा त्रास, ती कितीही निरागस असली तरी, नात्यातल्या दुसऱ्या माणसाला भोगावा लागतो.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट, आणि योगायोग असा की तीही नॉर्वेचीच. १९९८ साल. तेव्हा चित्रं नसलेले, नुसत्या अक्षरांवर चालणारेही खेळ असत, त्यांना मड म्हणत. लेजंडमड नावाच्या एका खेळात कॅरिन नावाची सगळ्यांची लाडकी खेळाडू होती. नॉर्वेची म्हणून सांगायची. एक दिवस बातमी आली की ती मोटार अपघातात गेली. सगळा खेळ हळहळला. लोकांनी तिच्या नावाने खेळात बाग केली, झाड लावलं. खेळ चालवणाऱ्यांपैकी राफ कॉस्टर यांनी त्यावर लेख लिहिला, तो अजून लोक वाचतात. काही वर्षांनी एक लेखक त्या मुलीचा माग काढायला निघाला. असा अपघात, अशी मुलगी, काहीच सापडेना. बहुधा कुणीतरी ती उभी केली होती आणि कंटाळा आल्यावर मारून टाकली होती.

मला या गोष्टीत कोण फसवणारा होता यात रस नाही. जे रडले त्यांचं रडणं खोटं होतं का? नव्हतं. म्हणून तर सांगते, भावना खरी आहे एवढ्यावरून समोरचा माणूस खरा ठरत नाही. आपला जीव तुटतो म्हणजे तो जसं सांगतो तसाच असणार, ही समजूत सोडून दे. जीव लाव, खुशाल लाव. पण शहानिशा हे त्या जीव लावण्याच्या विरुद्ध नाही.

आता खरं जे बोलायचंय त्याकडे येते. तुझा दादा.

आपल्याकडे मुलगी खेळात शिरली आणि तिचा आवाज ऐकू आला, की काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. निम्मे शिव्या देतात, निम्मे लाइन मारतात. मग आपण एक युक्ती करतो, आपल्या आया-मावश्यांनी कॉलेजात केली तीच. "भाई", "दादा" म्हणून मोकळं व्हायचं. राखीचा धागा दाखवला की समोरचा जागच्या जागी थंड. युक्ती चांगली आहे, मीही वापरली. पण या युक्तीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. काही जणांना दादा म्हटलं की ते खरोखरचे दादा होतात, म्हणजे पहारेकरी. "त्या अमक्याबरोबर कशाला उडत होतीस?" "रात्री बारापर्यंत ऑनलाइन होतीस, कोण होतं?" "माझी बहीण आहेस, दुसऱ्या फॅमिलीत जायचं नाही." तू मागे सहज बोलून गेलीस, की दादाने मला दोन जणांना ब्लॉक करायला लावलं. तू ते कौतुकाने सांगितलंस. मला ते खटकलं.

त्या दोघांनी तुला त्रास दिला होता का? दिला असेल तर तूच ब्लॉक केलं असतंस. दिला नसेल तर हा कोण सांगणारा? तुझ्या सख्ख्या भावाने असं केलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मग इथे का नाही? कारण इथे ती माया वाटते. हक्काने ओरडणारं कुणी आहे याचं सुख वाटतं. वाटू दे, पण एक कसोटी लाव. त्याला एकदा साधं 'नाही' म्हणून बघ. "आज नाही येत, अभ्यास आहे." "नाही, मी तिच्याशी बोलणार." मग काय होतं ते बघ. चिडवेल, थोडा रुसेल, तर माणूस बरा आहे. तीन दिवस अबोला धरून तुला माफी मागायला लावत असेल, तर त्याला बहीण नकोय, प्रजा हवीय.

ही कसोटी खेळातल्या तुझ्या पूर्ण फॅमिलीलाही लाव. बहुतेक फॅमिल्या छान असतात, सणाला जमतात, एकसारखे झगे घालून फोटो काढतात. पण कुठेकुठे तो 'बाबा' असतो, ज्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही. 'घरचं माणूस असून आली नाहीस' हे वाक्य आपल्याकडच्या लग्नकार्यांत कसं वापरतात ते तू बघितलं आहेस. तिथेही तसंच वापरतात. आणि तिथल्या आईबाबांचं भांडण झालं की पोरांची वाटणी होते, कोण कुणाकडे, कोण कुणाशी बोलणार नाही. या कज्ज्यात पडू नकोस. वकिली तर अजिबात करू नकोस.

राखीचं लिहायचं होतं. दादाने पोस्टाने राखी मागितलीय, आणि तू पाठवणार आहेस. टपाल खातं राखीसाठी पावसात न भिजणारी पाकिटं विकतं, त्यातलं एक मावशीने आणूनही दिलंय म्हणे. पाठव, मी नाही म्हणत नाही. पण पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहितात, हे तुझ्या डोक्यात आलं का? बिल्डिंग, विंग, फ्लॅट नंबर, पिन कोड. ज्या माणसाचा चेहरा तू पाहिलेला नाहीस, त्याला तू आपल्या दाराची खूण देते आहेस. घरचा पत्ता लिहू नकोस. काकांच्या दुकानाचा लिही, त्यांना विचारून. किंवा राखीचा फोटो पाठव आणि सांग, खरी राखी भेटल्यावर. जो भाऊ आहे तो एवढ्यावरून रुसणार नाही. आणि भेटायचं ठरलंच कधी, तर दिवसा, गर्दीच्या जागी, घरातलं मोठं माणूस बरोबर घेऊन. त्यालाही म्हणावं, तूही तुझी खरी ताई किंवा आई आण. ज्याला लपवायचं काही नाही त्याला हे आवडतंच.

पासवर्डाचं तुला चार ओळींत सांगते. स्कायमध्ये मेणबत्त्या गोळा करायला रोज वेळ लागतो, आणि म्हणून 'तुझं अकाउंट दे, मी तुझ्या मेणबत्त्या जमवून देतो' असं म्हणणारे प्रेमळ भाऊ पुष्कळ असतात. द्यायचं नाही. त्या अकाउंटला तुझा गुगल जोडलेला आहे आणि गुगलला तुझं सगळं आयुष्य. ओटीपी कुणालाच नाही, गिफ्ट कार्डाचा नंबर नाही, उसने पैसे नाहीत. महागडी भेट घेतलीस तर तिचं ओझं राहतं, तेव्हा तीही नको. पैसे गेलेच तर लाज धरून बसायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरला फोन करायचा. आणि फोटो मागितला, 'आपल्या दोघांतच ठेव' म्हणाला, खेळातून उठवून दुसऱ्या ॲपवर न्यायला लागला, की तिथून उठायचं आणि मला फोन करायचा. कितीही वाजले असोत. मी आधी ओरडणार नाही, नंतर ओरडेन.

बरं, दादाचं झालं. आता तू ताई झाली आहेस त्याचं काय?

तुझ्या त्या 'मॉथ', म्हणजे नवख्या, पोरांचा तू मला एकदा स्क्रीनशॉट दाखवला होतास. चार-पाच पिटुकली, साधे तपकिरी झगे, एकमेकांचे हात धरून तुझ्या मागे लोंबकळलेली. तू पुढे उडतेयस आणि शेपटीसारखी ती मागे. मला फार गोड वाटलं. पण त्या झग्याआड कोण आहे ते तुलाही ठाऊक नाही, हे लक्षात ठेव. बोलण्यावरून कळतं थोडंफार. 'उद्या शाळा आहे' म्हणालं की रात्री दहानंतर त्याला घेऊन फिरायचं नाही. सरळ म्हणायचं, झोप आता, उद्या भेटू. आपल्याशिवाय त्याला करमत नाही याचा आनंद होतो, माहितेय मला. तो आनंद जरा आवरायचा.

आणि कधीतरी त्यातलं एखादं पोर तुला काहीतरी जड सांगेल. खेळातल्या त्या बाकावर बसलं की गप्पा उघडतात ना, तिथेच बसून सांगेल. घरी मारतात. जगावंसं वाटत नाही. शेजारचे काका अंगाला हात लावतात. ताई म्हटलेल्या माणसाला मुलं हे सांगतात, कारण तोंड दिसत नाही आणि सांगायला दुसरं कुणी नसतं. तू अठरा वर्षांची आहेस. तू डॉक्टर नाहीस, पोलीस नाहीस. ऐकून घे, तुझ्यावर विश्वास आहे म्हण, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नकोस. त्याच्या आसपासचं भरवशाचं मोठं माणूस कोण ते विचार, एखाद्या बाई, मावशी, आजोबा. १०९८ हा लहान मुलांसाठीचा नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस १४४१६ आहे, दोन्ही फुकट. हे नंबर त्याला दे आणि त्याच रात्री मला किंवा मावशीला सांग. एकटीने उशाशी घेऊन झोपायच्या या गोष्टी नव्हेत. ताईपण निभवायचं म्हणजे सगळं स्वतःच्या खांद्यावर घ्यायचं, असं आपल्याकडच्या मोठ्या बहिणींना फार वाटतं. मलाही वाटायचं. घरातल्या कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, तरी.

जाताना सांगून जायचं, हेही ताईपणातच येतं. पुढच्या वर्षी तुझं इंजिनिअरिंगचं सुरू होईल, खेळायला वेळ उरणार नाही, आणि एक दिवस तू ॲप काढून टाकशील. तसं करू नकोस. आधी सांग, की आता महिन्यातून एकदाच येईन, किंवा येणार नाही. त्या पिटुकल्यांना तू फोन हरवलास की मेलीस की रागावलीस, काही कळायला मार्ग नसतो. खेळ स्वतःसुद्धा असे जातात. सिटी ऑफ हीरोज २०१२ च्या नोव्हेंबरात कंपनीने बंद केला, पण आधी जाहीर करून. लोकांना निरोप घ्यायला वेळ मिळाला, एकत्र जमून मशाली घेऊन उभे राहिले. त्यांच्यातलेच काही जण नाद सोडेनात, आणि २०२४ मध्ये चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरला रीतसर परवाना मिळाला. अकरा वर्षं एकमेकांचे पत्ते धरून राहिली ती माणसं.

हे सगळं वाचून तुला वाटेल ताईने दादाला आरोपीच करून टाकलं. तसं नाही गं. तो कदाचित नाशिकचा एखादा एकुलता एक मुलगा असेल, ज्याला राखीला हात रिकामा ठेवून शाळेत जायचा कंटाळा आलाय. तसा असेल तर तुझ्या 'नाही'ने त्याचं काही बिघडणार नाही.

आता मावशीचं. ती चिडते ती तुझ्या खेळावर नाही. तुझी अख्खी एक आळी आहे, तीत आई आहे, भाऊ आहे, पोरं आहेत, आणि तिला त्या आळीचं तोंडही माहीत नाही, याने ती चिडते. आईबापांना त्या आळीत नेता येतं, बरं का. जपानमध्ये एका मुलाने निवृत्त झालेल्या वडिलांना प्लेस्टेशन आणि फायनल फँटसी चौदा आणून दिलं. मग स्वतः एका मुलीच्या कॅरेक्टरमध्ये, ओळख न सांगता, खेळात त्यांच्याशी मैत्री केली. घरात दोघं धड बोलत नसत. तिथे दोघांनी मिळून मोठमोठे राक्षस मारले. ट्विन्टानिया नावाचा एक भयंकर ड्रॅगन मारला की मगच खरं सांगायचं, असं मुलाने ठरवलं होतं. खरी घडलेली गोष्ट आहे, २०१७ मध्ये त्यावर मालिका निघाली.

तुला एवढं लपूनछपून करायची गरज नाही. या शनिवारी तुमची फॅमिली जमणार आहे ना संध्याकाळी? मावशीला शेजारी बसव. टाळाटाळ करेल, कुकर लावायचाय म्हणेल, तरी बसव. तिच्यासाठी एक नवं कॅरेक्टर काढून दे, त्या मॉथांसारखंच, तपकिरी झग्यातलं. हात धरून तिला एकदा ढगांवरून फिरवून आण आणि तुझ्या दादाला, तिथल्या आईला, पोरांना सांग, ही माझी आई आहे. त्यातलं कोण तिला नमस्कार करतं आणि कोण तेवढ्यात लॉगआउट होऊन पळतं, ते नीट बघून ठेव. आणि रविवारी सकाळी मला फोन कर.